खांदा लागल्याची हाक

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एका व्यापाऱ्याचा पंधरा वर्षांचा मुलगा नशेच्या गोळ्यांपायी गेला. सोपान त्याचे नाव. गावाला रस्ता नाही. आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून पायथ्याच्या दवाखान्यात न्यायचे, ही तिथली रीत. तरुणांनी त्याला धावत नेले, पण उपयोग झाला नाही. त्याच झोळीतून देह परत वर निघाला.

वाटेतच बाप आणि शाळेचे गुरुजी यांच्यात जुंपली.

"सहा तास पोर तुमच्या ताब्यात असायचं. तुम्ही काय करत होता?"

"आणि उरलेले अठरा तास? वर्गात डुलक्या घ्यायचा तो. मला वाटलं, घरी ठाऊक असेल."

"त्याचे तारवटलेले डोळे मलाही दिसत होते. म्हटलं, शाळा बघून घेईल."

दोष दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची घाई माणसाला दुःखातही सुटत नाही. सोबत गावातले एक वृद्ध साधू होते. त्यांनी झोळी थांबवली, तरुणांना बाजूला केले आणि बाप आणि गुरुजी या दोघांनाच बांबूखाली उभे केले. त्यांच्या शिष्याला हे क्रौर्य वाटले. पुत्रशोकाने मोडलेल्या माणसाकडून कोणी असे ओझे वाहवून घेते का?

चढावर बापाचे पाय लटपटू लागले. एक तरुण पुढे होऊन बांबूखाली शिरला. "खांदा लागला!" अशी त्याची हाक आली, तेव्हाच बापाने बांबू सोडला.

"आधी का नाही सोडलास?" साधूंनी विचारले.

"हाक आल्याशिवाय कसा सोडणार, महाराज? झोळी खाली पडेल."

"बाबा रे, रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी पोराला सोडत होतास, तेव्हा कुणाची हाक ऐकलीस? आणि गुरुजी, घंटा झाली की तुम्ही सोडत होता. पलीकडे कुणी धरलंय का, पाहिलंत? दिसत दोघांनाही होतं. एकमेकांना सांगितलं मात्र कुणीच नाही. गोळ्या विकणारा त्या मधल्या जागेतच उभा होता."

बाप मटकन खाली बसला.

तेराव्यानंतर व्यापारी धाकट्या लेकीला, गोदाला घेऊन शाळेत आला. गुरुजी फाटकापर्यंत आले, त्यांनी तिचा हात धरला, घरी कशी असते ते बापाला विचारले. मगच बाप माघारी वळला. साधूंसोबत जवळच उभ्या असलेल्या शिष्याला समाधान वाटले. त्याने साधूंकडे पाहिले, तर त्यांचे डोळे भरून आले होते.

"सोपानच्या वेळीही एवढंच करायचं होतं रे," ते म्हणाले.