नळीमासा झालेला राजा

एका राज्यात समुद्राकाठी सुबंधू नावाचा राजा होता. पराक्रमाला त्याच्या जोड नव्हती, अकलेचा मात्र दुष्काळ होता. घराण्याची रीत अशी, की राजाने तान्ह्या लेकराला हात लावायचा नाही. त्यामुळे आईवेगळी राजकन्या दाईच्या कडेवर वाढली. राजाने तिला एकदाही घेतले नाही.

एके दिवशी मालू कोळी तान्ही पोर पोटाशी बांधून दरबारात आला. बायको वारलेली, होडी कुणीतरी फोडलेली; दाद मागायची होती. राजा हसला. "हा बाप की दाई?" मग दरबारही हसला. मालू मान खाली घालून परतला.

पोवळ्यांच्या खडकात राहणारी एक जादूगारीण त्या दिवशी दरबारात बसली होती. ती उठली. "राजा, ज्याला हसलास, तसाच होशील. तीन कामे पार पाडशील तेव्हा सुटशील."

राजा बोटभर नळीमासा झाला. अंगाला हाडांची कडी, तोंडाची नळी, दात एक नाही. पहिले काम पोट भरण्याचे. झडप घालून काही मिळेना. एका जागी थांबून बारीक कोळंबी ओढून घ्यायला तो शिकला. दुसरे काम, रोज सकाळी मादीपुढे वाकून नाचायचे. तेही केले. मग मादीने त्याच्या पोटाला अंडी चिकटवली आणि ती निघून गेली. नळीमाशांत पोरे बापच वागवतो.

तिसरे काम हेच होते. अंडी पिकत आली आणि एक मोठा मासा शिकारीला आला. वरून कुरव पक्षी म्हणाला, "राजा, अंडी खडकाला घासून टाक. हलका होऊन निसटशील. कोण पाहते आहे?"

राजा खडकाकडे वळला. पोटाखाली काहीतरी हलले. आपल्या लेकीचे डोळे कसे आहेत हे त्याला आठवेना. त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"मी पाहतो आहे," तो म्हणाला.

तो पोवळ्याच्या फांद्यांत काडीसारखा निश्चल राहिला. मोठा मासा काडी समजून पुढे गेला. तिसऱ्या दिवशी दोऱ्याएवढी पिले सुटली आणि राजा किनाऱ्यावर माणूस होऊन उभा राहिला.

भर दरबारात त्याने मालूला हात जोडले. "हसलो ते चुकलो." होडीचा न्यायही केला. मग दाईकडून लेकीला घेतले. परका माणूस पाहून तिने टाहो फोडला. दाईने हात पुढे केले.

"राहू दे," राजा म्हणाला. "तिचे रडणे रास्त आहे."

ती रडत राहिली, आणि राजा तिला घेऊन दरबारात फेऱ्या मारीत राहिला. कोणी हसले नाही.