गोठ्यात ओतलेलं फिनेल

सिलिंडरची गाडी जिथे चढत नाही, अशा एका डोंगरवाडीत एक सून राहत होती. घरी एक म्हैस, एक म्हातारी गाय आणि परसात गोबरगॅस. रोज सकाळी शेण कालवून टाकीत सोडायचं, की दोन्ही वेळचा स्वयंपाक बिनधुराचा. सासूला दमा होता, म्हणून त्या निळ्या जाळाचं घरात फार कौतुक.

एकदा नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. गोठ्याचा वास नको, म्हणून सुनेने हौसेने अख्खी बाटली फिनेल ओतून गोठा धुतला. ते पाणी नेहमीच्या वाटेने टाकीत गेलं. पाहुणे खूश होऊन परतले, पण चौथ्या दिवशी शेगडी फुरफुरली आणि विझली ती विझलीच.

शेजारीण सहज बोलून गेली, "फिनेल तर नाही ना गेलं टाकीत? गॅस करणारे जंतू मरतात गं त्यानं."

 सून नुसती नकारार्थी मान हलवून घरात पळाली. चूल पुन्हा पेटली आणि सासूचा खोकला थांबेना.

सासरेबुवांनी मात्र आपला शोध लावला. "म्हाताऱ्या गाईच्या शेणात दमच उरला नाही. बाजार दाखवू तिला."

 सून रोज ठरवायची, आज सांगून टाकते. रोज सासूची ढास ऐकून तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. वैरण टाकताना गाय हात चाटायची, तेव्हा तर तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं.

बाजाराच्या दिवशी सासऱ्यांनी दावं सोडलं. गाय अंगणापर्यंत गेली आणि सून आडवी आली.

"मामंजी, तिला नका नेऊ. फिनेल मी ओतलं. गॅस माझ्यामुळं बंद पडलाय."

सासू खोकत बाहेर आली. "आणि इतके दिवस मला धुरात बसवलंस?"

"भ्याले, आत्याबाई."

"मला भ्यालीस, आणि हिला बाजारात धाडत होतीस?"

सुनेने सासऱ्यांच्या हातून दावं घेतलं. गाय गोठ्यात परतली. टाकी उपसून नव्याने भरायला घेतली. विरजण म्हणून शेजारच्या टाकीतली शेणाची रबडी वाहून वाहून सुनेचे खांदे सोलवटले, आणि सासूचा अबोला वेगळाच. बाविसाव्या दिवशी शेगडी पेटली.

सासूने पहिला चहा केला, कप सुनेपुढे सरकवला आणि म्हणाली, "चुकलीस की आधी माझ्याकडे येत जा. ओरडेन मी, पण येत जा."

तात्पर्य: आपली चूक आपण लपवली, की तिची शिक्षा ज्याला बोलता येत नाही त्याला भोगावी लागते.