राजाच्या नावाला लागलेला ‘न्’

जनावरांनाही व्याकरणाची हौस होती, त्या काळी एका रानाने एस्पेरांतो भाषा स्वीकारली. तिच्यात ज्याच्यावर क्रिया घडते, त्याच्या नावाच्या शेवटी ‘न्’ लागतो. दरबारी कोल्ह्याला हा ‘न्’ फार भारदस्त वाटला. ‘राजा गाढवांना बडवतो’ अशी पाटी लिहिताना त्याने तो गाढवांकडून काढून राजाच्या नावाला जोडला.

“अहो, ती मार खाणाऱ्याची खूण आहे!” साळिंदर गुरुजी कळवळले.

“राजाचं नाव पहिलं आहे ना? मग तो मार कसा खाईल?” कोल्हा हसला.

“जागेवर काही नसतं, कोल्होबा. सगळं त्या शेपटावर असतं.”

सकाळी पाटी वाचून कायदा पाळणाऱ्या गाढवांची दरबारात शिस्तीत रांग लागली. लाथ घालण्याआधी प्रत्येकाने सिंहमहाराजांना वाकून मुजरा केला.