बावन्न ठिगळांची मांडणी

एका राज्यात, जिथे पोपट शिपायांची हजेरी घेत आणि विहिरी हाक मारली तर ओ देत, चंडसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा वाईट नव्हता, पण त्याला सगळं जुळलेलं लागे. हत्तीसुद्धा एका उंचीचे. एकदा भृंगक नावाचा मांत्रिक त्याच्याकडे पाहुणा आला, खांद्यावर आपली जुनी गोधडी टाकून. राजा म्हणाला, "हिचं एक ठिगळ दुसऱ्याला शोभत नाही. तबेल्यात ठेवा." आता एवढं बोलायची काही गरज होती का? पण बोलला.

मांत्रिक म्हणाला, "राजा, उद्यापासून तुझी लेक गार पडेल. आधी पावलं, मग गुडघे, मग कंबर. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की गारठा काळजाला भिडेल. तुझ्या बावन्न गावांतून एकेक ठिगळ आण आणि गोधडी शिव. मांडणी ठिगळांना पटली, तर लेक वाचेल." एवढं सांगून तो धूर झाला.

इंदुला सहा वर्षांची होती. सकाळी तिने विचारलं, "बाबा, माझी पावलं कुठे गेली?" राजा बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडला.

गोधड्या शिवणाऱ्या ठकूबाईला बोलावणं गेलं. बाई साठीची, गुडघ्यांनी हैराण. तोवर बावन्न ठिगळं दरबारात येऊन पडली होती. वापरलेल्या कपड्याला माणसाचा स्वभाव लागतो, आणि त्या राज्यात त्याला वाचाही असे. म्हणजे बावन्न गावांची भांडणं एका सतरंजीवर आली होती.

पहिल्या दिवशी राजा म्हणाला, "मधोमध माझा शेला. भोवती सरदार. बाकीचे कडेला."

ठकूबाईने तसं मांडलं. कोळणीच्या लुगड्याचं ठिगळ उठून बसलं. "कडेचा वारा आम्हीच का खायचा?" सरदारांची ठिगळं आपसात मानपानावरून अडली. मधला शेला म्हणाला, "मला घुसमटतंय." संध्याकाळी सगळी आपापल्या गावी परतायला दाराशी गोळा झाली आणि इंदुलाचे गुडघे गार पडले.

दुसऱ्या दिवशी राजज्योतिषी पोथी घेऊन आले. "पिवळी पूर्वेला, काळी दक्षिणेला. ग्रह आपोआप सांभाळून घेतील."

ठकूबाईने पुन्हा बावन्न ठिगळं मांडली. पूर्वेला दोन पिवळी शेजारी आली, ती नेमकी वाटण्या करून दोन गावांत गेलेल्या दोघी जावांची निघाली. एक म्हणाली, "हिच्या शेजारी मी जन्मात बसणार नाही." दुसरी म्हणाली, "मला तरी कुठे हौस आहे?" मग बाकीच्यांनी बाजू घेतल्या. ग्रहांनी काहीही सांभाळलं नाही. इंदुला कंबरेपर्यंत गार पडली.

तिसऱ्या दिवशी राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "प्रत्येकाला विचारा, शेजार कुणाचा हवा."

शहाणपणाचं वाटलं, म्हणून विचारलं. बावन्नातल्या एकावन्न ठिगळांना एकाच ठिगळाचा शेजार हवा होता. ते होतं एका बहिऱ्या गुरवाच्या धोतराचं. तो कुणाला उलटून बोलत नसे. आता एका ठिगळाला बाजू चार, आणि हे एकावन्न. दुपार कलेपर्यंत ठकूबाई त्यांना समजावत होती. मला तर ऐकूनच डोकं धरावंसं वाटतं.

शेवटी ठकूबाईचा संयम सुटला. "जळलं मेलं तुमचं भांडण," ती म्हणाली. तिने सगळी ठिगळं पदरात कोंबली, अस्तर काखेत मारलं आणि तडक इंदुलाच्या दालनात गेली. पोरीवर अस्तर टाकलं आणि त्यावर पदर झटकला. "घ्या. इथे भांडा. तिच्या अंगावर भांडा."

इंदुलाचे ओठ निळे पडले होते. तिला बोलायलाही जड जात होतं. "आजी," ती म्हणाली, "फार गार वाटतंय."

ठिगळं गप्प झाली. मग कोळणीचं ठिगळ सरकत खाली गेलं. "पावलं माझ्याकडे. मला वाऱ्याची सवय आहे." गुरवाचं मऊ धोतर छातीवर पसरलं, आणि या वेळी कुणी त्याच्या शेजारासाठी अडून बसलं नाही. दोघी जावा एकाच गुडघ्यावर धावल्या आणि एकमेकींवर चढल्या.

"सरक थोडी."

"तूच सरक. पण पोरीचा गुडघा उघडा टाकू नकोस."

जिथे गारठा तिथे ठिगळ, एवढीच ती मांडणी. ठकूबाईने सुई ओवली आणि दरडावलं, "आता जो हलेल त्याला मी पोतेऱ्यात घालीन." कुणी हललं नाही. तिने धावदोरा घातला, तिरका तर तिरका, बोटांतून रक्त येईस्तोवर. गवाक्षात सूर्याची कोर उरली तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला.



"आजी," इंदुला म्हणाली, "उकडतंय मला."

राजा धावत आला. गोधडी वाकडी होती. रंगाला रंग नव्हता, आणि त्याचा शेला कोळणीच्या ठिगळाखाली, टाचेपाशी दबला होता. राजाने तोंड उघडलं.

"महाराज," ठकूबाई म्हणाली, "एक शब्द काढलात तर उसवीन."

राजाने लेकीचं पाऊल हातात घेतलं. ते गरम होतं. तो पाऊल तसंच धरून खाली बसला आणि काहीही बोलला नाही.

शाप सुटला, राज्य ताळ्यावर आलं, बावन्न गावं आपापल्या भांडणांना लागली, आणि ठकूबाई घरी जाऊन एकदाची आडवी झाली.