रायफलीला गिऱ्हाईक

“म्हणजे लायक माणूस भेटेपर्यंत तू मठात येणारच नाहीस?” सोनाईअक्कांनी विचारलं.

“तसं नाही, अक्का.” हिरामण डोंगरवार ओसरीच्या कडेला बसला होता. “यायचंच आहे मला. पण बापाची रायफल कोणाच्याही हातात कशी देऊ?”

अक्का म्हणजे त्या महानुभाव मठातल्या सर्वांत वडील संन्यासिनी. हिरामण शेजारच्या गावचा, जंगलाच्या कडेला वाढलेला, शिकाऱ्याचा मुलगा. बायको गेली आणि घर त्याला खायला उठलं. उरलेले दिवस मठात काढावेत, दीक्षा घ्यावी, असं त्याच्या मनानं घेतलं. अक्कांनी एकच अट घातली होती : आधी ती रायफल विकून ये.

एवढंच ना, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

मध्ये कितीतरी महिने गेले. रायफल अजून त्याच्याच घरात होती.

“गिऱ्हाईकं येत नाहीत का?”

“येतात की! एक ठेकेदार आला. त्याला ती बैठकीत टांगायची होती. म्हटलं, ही शोभेची वस्तू नाही. एक निवृत्त फौजदार आला. नळीत डोकावला आणि लगेच खोट काढायला लागला. त्याला तर मी चहासुद्धा विचारला नाही.”

“आणि?”

“परवा टेकचंद कटरे आला होता. आमच्याच गावचा, धानाची शेती करतो. पीक राखायचा परवाना आहे त्याच्याकडे. म्हणतो, रानडुकरं बांध्यांत, उभ्या धानात घुसतात, बार काढला की पळतील.” हिरामणचा आवाज चढला. “अक्का, माझ्या बापानं हिनं वाघ मारलेत! शिकारबंदी यायच्या आधी मीही मारलाय. मोठमोठे लोक आमच्या दाराशी यायचे. आणि आता हिनं डुकरं हाकलायची? त्याला तर धड धरताही येत नाही.”



“उद्या घेऊन ये,” अक्का म्हणाल्या. “मला बघायची आहे.”

“रायफल? मठात?”

“रिकामी करून आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. रायफल घोंगडीत गुंडाळलेली होती. रात्रीच तिला तेलपाणी केलं होतं. आत गोळी नाही, हे त्यानं उघडून दाखवलं. अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घ्यावा तसे.

त्यानं रायफल त्यांच्या हातांवर आडवी ठेवली.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “हिचं सगळं सांग.”

मग काय! हिरामण सुरू झाला. दस्त्याचं लाकूड कसं, नेम कसा, बाप एका डोळ्यानं अधू झाला तरी चुकायचा कसा नाही. नाल्यावरचा वाघ. त्याआधीचा बिबट्या. कोणत्या झाडावर मचाण होतं, गोळी कुठून शिरली, कुठून निघाली... तो बोलत होता आणि मठाच्या कुंपणापलीकडच्या रानाकडे बघत होता. किती वेळ गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मध्येच त्याची नजर वळली.

अक्कांचे हात लटपटत होते. मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. ओठांवर घाम होता. रायफल मात्र होती तिथेच होती.

“अक्का, खाली ठेवा ती!”

“कुठे?”

“इथं ओसरीवर ठेवा.”

“छे! वाघ मारलेली रायफल. शेणानं सारवलेल्या भुईवर ठेवू?”

“मग त्या बाजेवर.”

“बाजेवर कोणीही बसतं. तू तिला साजेशी जागा शोध. तोवर मी धरते.”

तो घ्यायला पुढे झाला. अक्का एक पाऊल मागे सरल्या. त्यांचा तोल गेल्यासारखा झाला.

“अक्का, पडाल तुम्ही! कुठेही ठेवा... अहो, कुठेही! पण ठेवा!”

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की आत भाजी निवडणाऱ्या बायका दारात आल्या.

हिरामणचे हात तसेच पुढे राहिले होते. आपण काय बोललो, ते त्याच्याच कानांत घुमत होतं...

अक्कांनी रायफल त्याच्या हातांत दिली. तळवे चोळले.

“केवढी जड आहे रे,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

हिरामण घरी गेलाच नाही. थेट कटरेच्या बांधीवर गेला. कटरे चिखलात उभा होता.

“रायफल द्यायची आहे. तुलाच.”

कटरे बावचळला. “मालक, तुमीच तर म्हनलं, मले धरता येत नाही.”

“येत नाहीच. मी शिकवीन.”

रीतसर परवानगी यायला वेळ लागला. ती आल्यावर दोघं ठाण्यात गेले. जमादारानं रायफल उलटसुलट करून नंबर तपासला आणि सहज विचारलं, “काय काय मारलंय हो हिनं?”

कटरेनंही कान टवकारले. हिरामणनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

रायफल टेबलावरून कटरेकडे गेली. हिरामण बाहेर आला. ऊन छान पडलं होतं. समोरच्या टपरीवर त्यानं कटरेला चहा पाजला, स्वतः दोनदा घेतला. मग कशावरून कोण जाणे, त्याला हसू फुटलं आणि ते आवरेचना. कटरेला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला.

संध्याकाळच्या आत तो मठात पोचला.

“दंडवत, अक्का.”

“दंडवत. दिलीस?”

“दिली.” ठाण्यात काय घडलं ते त्यानं सांगितलं. “मी खोटं बोललो नाही, अक्का. त्या घटकेला खरंच एकही जनावर डोळ्यांपुढे येईना. इतकं मोकळं वाटलं...”

“आणि आता?”

हिरामण रानाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा शांत होता.

“आता येतायत. एकेक करून. नाल्यावरचा तो वाघ... मी गोळी घातली तेव्हा पाणी पीत होता, अक्का. हे मी कधी कोणाला सांगितलंच नाही.” तो थांबला. “काय करू? येऊ देऊ त्यांना?”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

“येऊ दे. आता ती तुला भ्यायची नाहीत.”