सगुणामावशीचा चिंध्यांचा दोर

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता आणि माणसांना आजच्यासारखी घाई नव्हती, तेव्हा वाघेवस्तीत सगुणामावशी नावाची बाई होऊन गेली. बाई दोर वळायची. घायपात कुजवायचं, बडवायचं, पानातला धागा म्हणजे वाख काढायचा आणि पीळ घालायचा, जन्मभर हेच. अक्षर एक येत नव्हतं. पण ख्रिस्ती देवळात वाचलेलं पवित्र शास्त्र ऐकून ऐकून तिच्यात असं मुरलं होतं, की आदामापासून सुरू झाली तर कंदिलातलं तेल संपायचं, बाई संपायची नाही, असं म्हणतात.

दर रविवारी देवळाच्या ओट्यावर ती लहान पोरांची शब्बाथ शाळा घ्यायची. पहिली ते चौथीतली पोरं, म्हणजे माकडंच. एका जागी टिकतील तर शपथ. मावशीनं काय केलं, प्रत्येकाच्या हातात वाखाची बट दिली. हात गुंतले की कान मोकळे होतात, एवढं तिला ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून एकच दोर वळायचा, आणि ज्याला आपली गोष्ट अथपासून इतीपर्यंत सांगता आली, त्यानं घरून आणलेली चिंधी त्या पिळात घालायची. नोहाच्या तारवाची एक, दाविदाच्या गोफणीची एक, बाळ मोशेच्या टोपलीची एक. दोर वाढत चालला आणि गावातली लुगडी आखूड होत चालली.

येसोबाची बायको एकदा भांडायला आली. "मावशे, तुझं शास्त्र माझा पदर खाऊन बसलं."

"तुझ्या सलोमीची चिंधी अजून गेलीच नाही त्यात," मावशी म्हणाली. "पदर उंदरांनी खाल्ला असंल. त्यांना जाऊन बोल."

ते खरं होतं. सलोमीची चिंधी काही दोरात जात नव्हती. पोरगी बोलताना अडायची. तिच्या वाटणीला हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. "एक मा... एक मा..." एवढं म्हणून ती थांबली, की मावशीच्या तोंडातून निसटायचं, "एक माणूस होता." पुढं पोरगी अडली की परत मावशी. गोष्ट पुरी व्हायची, पण ती मावशीची व्हायची. नियम मावशीनंच घातलेला, तो मोडता येईना. सलोमी चिंधी मुठीत धरून घरी जायची, आणि मावशीला त्या दिवशी भाकर गोड लागायची नाही. माया होती ती. पण मायेनंसुद्धा माणूस चुकतं.

मग एका रविवारी नदी फुगून आली. इथं थेंब नाही, पाऊस वर डोंगरात कोसळला. देऊळ होतं टेकाडावर. बघता बघता टेकाडाचं बेट झालं आणि बेटावर मावशी आणि पोरं. पलीकडे काठावर सगळा गाव जमला. पाणी असं तांबडं आणि असं जोराचं, की पट्टीचे पोहणारे परत फिरले.

मावशीनं दोराचं एक टोक देवळाच्या खांबाला बांधलं, दुसऱ्याला धोंडा बांधला आणि फेकला. दोर पाण्यात पडला. काठ लांब राहिला.

तेव्हा तारवाची गोष्ट सांगितलेलं पोर भेदरून, रडत रडत, आपली गोष्टच म्हणायला लागलं. दुसरं काय येत होतं त्याला? गोष्ट संपली आणि मावशीच्या हातातला दोर हातभर सैल आला. असं म्हणतात. मग दुसरं पोर म्हणालं, मग तिसरं. गोष्टीगणिक दोर वाढत गेला. फेकता फेकता धोंडा काठाजवळ पोचला. पलीकडे सलोमीचा बाप येसोबा बाभळीच्या फांदीला लोंबकळून हात पुढं करून होता. त्याच्या बोटांपासून टोक हातभर दूर. आणि गोष्टी संपल्या. राहिली सलोमी.

"एक मा..." सलोमी म्हणाली.

"एक माणूस होता," मावशी म्हणाली. दोर हलला नाही.

पाणी ओट्याला लागलं. काठावरून माणसं ओरडायला लागली, "अगं, तूच सांगून टाक मावशे, पोरं जातील." मावशीनं पदराचा बोळा केला आणि आपल्याच तोंडात कोंबला. मोठी पोरं शब्द पुरवायला लागली, त्यांच्याकडं तिनं असं बघितलं की तीही गप झाली. पाणी ओट्यावर चढलं. पावलं भिजली. मावशी सलोमीपुढं बसून राहिली.

"एक मा... माणूस होता," सलोमी म्हणाली. "त्याची मेंढरं हो... होती. एक हरवलं." मग ती बराच वेळ अडली. मावशीनं बोळा आणखी घट्ट चावला. "तो लई फिरला. मग तो ग... गप उभा राहिला. मेंढरू कुठून ओ... ओरडतंय ते ऐकायला. मग ते ओरडलं. मग त्यानं खांद्यावर घेतलं."

मेंढरासाठी तो माणूस गप उभा राहिल्याचं शास्त्रात कुठं नाही. मावशीला ते माहीत होतं. तिनं तोंडातला बोळा काढला आणि म्हणाली, "घाल चिंधी."

सलोमीनं पिळात बोट घालून चिंधी सरकवली, आणि येसोबाच्या मुठीत दोर आला.

चिंध्यांना धरून धरून एकेक पोर पार झालं. मावशी शेवटी आली. तिचा पाय काठाला लागला आणि खांब उखडला, दोर नदीनं नेला. शेजारच्या गावचे म्हणतात, दोर नाही वाढला, नदीच आखडली. म्हणू द्या. त्यांचं एक तरी पोर होतं का त्या ओट्यावर?

दोर गेला म्हणून गाव हळहळला. मावशी म्हणाली, "वाख काय, रानभर आहे." पुढच्या रविवारी तिनं पोरांच्या हातात परत बटा दिल्या.

मावशी जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी मोजलं नाही. वाघेवस्तीच्या देवळात आजही शब्बाथ शाळेत पोरं दोर वळतात आणि चिंध्या घालतात. आणि नाताळात भर देवळात एखादं पोर बोलताना अडलं, तर पाळकापासून पाहुण्यापर्यंत कुणी त्याला शब्द पुरवत नाही. बायका पदराचं टोक दातात धरतात. बाहेर बैल जुंपलेले असोत, ताटं वाढलेली असोत, सगळा गाव गप बसून राहतो, पोर बोलेपर्यंत.