साखरेच्या दाराचा दगडी दारपाल

एका राज्यात खडीसाखरेचा डोंगर होता, डोंगराला एकच दार होतं आणि दाराला एकच दारपाल, ध्रुवपाल. दार उघडलं की साखर भट्टीत पडे, फुटे, आणि तिच्या ज्योतीवर दिवे पेटत. पेटलेले दिवे आपल्या पायांनी गावोगाव जात, जाती फिरवत, गाडे ओढत आणि विझून परत येत. विझलेले दिवे दिसले की ध्रुवपालाचा हात हलका होई, दार उघडे. पेटलेल्यांची दाटी झाली की हात जड होई, दार मिटे. भट्टीखाली फुटलेल्या साखरेचा माल तुंबला तर तिथून ध्रुवपालाकडे एक लिंबू वर येई. अर्थ एकच: पुरे.

पण प्रधान वृद्धकेतूंना विझलेला दिवा अपशकुनी वाटे. त्यांनी असले सगळे दिवे वेशीबाहेर हाकलले. हाती विझलेला दिवा घेऊन आलेल्या जादूगारिणीलाही हाकललं. ती म्हणाली, "विझलेलं सोसत नाही? मग पेटलेल्यात गोठा!"

ध्रुवपाल पायांपासून दगड होऊ लागला. दार मिटलेलंच राहिलं.

दरबारातल्या म्हाताऱ्यांनी राज्यातले उरलेसुरले पेटते दिवे गोळा करून त्याची आरती केली. दगड कमरेपर्यंत चढला. दृष्ट लागली म्हणून लिंबांची माळ घातली. दगड छातीशी आला.

दारपालाची मुलगी शलाका दातओठ खात उभी होती. तेवढ्यात भिंतीवरचा भारद्वाज पक्षी बोलला, "सूर्य बुडायच्या आत दिवे हटव, लिंबं काढ, विझलेले आण. नाहीतर बाप गेला."

"आधी का नाही सांगितलंस?"

"वडीलधारे बोलत होते."

शलाकाने दिवे पिटाळले.

"पोरी, आरती अर्धी टाकतेस?" प्रधान ओरडले.

"प्रधानजी, बाबा अर्धेच उरलेत!"

माळेची दोरी तलवारीने तुटेना. तेव्हा तिने एकेक लिंबू पिळलं आणि आरत्या म्हणून घसे बसलेल्या दरबाराला सरबत पाजलं. साखर नव्हतीच. म्हातारे तोंडं वाकडी करत बसले, तोवर ती वेशीवर पोचली.

तिथे सात हजार दिवे माना खाली घालून बसले होते. "आम्ही अपशकुनी," ते पुटपुटले.

"उठा मुकाट्याने! बाबांना तुम्हीच हवे आहात."

दगड हनुवटीशी आला होता. दिव्यांनी त्याला गराडा घातला. दगड तडकला, पापुद्रे गळाले. "होतात कुठे रे इतके दिवस?" ध्रुवपालाने विचारलं आणि दार ढकललं. साखर धो धो कोसळली. भट्टी धडाडली, दिवे पेटले, जाती गरगरली.

थोड्या वेळाने ध्रुवपालाचा हात पुन्हा जड झाला. दार मिटलं.

"पुन्हा शाप! लिंबं आणा!" प्रधान धावले.

शलाका आडवी आली. "शाप नव्हे, प्रधानजी. पुरेसं झालं म्हणून थांबलेत. थांबता येतं, म्हणून तर ते दारपाल!"

त्या राज्यात पुढे कितीतरी नवलं घडली, पण लोक सांगतात ते एकच. त्यानंतर प्रधान गप्प बसले.